काट्यावरचा मेसेज

आदिनाथची मोटारसायकल त्या सकाळी उसाच्या दोन ट्रॅक्टरांच्या मधे अडकली नसती, तर तो सरळ कारखान्याच्या ऑफिसात जाऊन, प्रिंटर दुरुस्त करून तेलगावला परतला असता. पण अडकली. आणि वजनकाट्याच्या केबिनमधून हाक आली, "ओ कॉम्प्युटरवाले! जरा इकडं येता का?"

"मला कसं वळखलं?"

"पाठीवरच्या ब्यागेतून वायरी लोंबतायत की!"

हाक मारणारी करिष्मा. उसाच्या गाड्यांचं वजन कॉम्प्युटरवर घेणारी. आईबाप ऊसतोडीला, ती मात्र आत्याकडं राहून शिकली आणि याच कारखान्यात खुर्चीवर बसली, त्याचा थोडा ताठा तिच्या मानेत होता. तिला तो ताठा शोभायचाही.

तिच्या कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं होती. एकाची वायर काट्याला, दुसऱ्याची जुन्या कॅमेऱ्याच्या डब्याला. कॅमेरा कधीचाच काढून नेलेला, डबा आणि वायर तेवढी राहिलेली. ट्रॅक्टर काट्यावर चढला की केबिन हादरे, ती वायर सैल होई आणि पडद्यावर मेसेज टपके — नेटवर्कची केबल निघाली आहे. तोही नेमका वजनाच्या आकड्यावर! खाली ड्रायव्हर ओरडत, "ओ म्याडम, झोपलाव का?"

आदिनाथनं वायर दाबून बसवली. तिच्या हाताला हात लागला, तेव्हा दोघांनीही पडद्याकडं पाहिलं. "परत आला तर फोन करा, मॅडम."

मेसेज परत आला. तो दर दोन-तीन दिवसांनी यायचाच. महिन्याभरात आदिनाथ नऊ वेळा आला. वायर दाबायला अर्धं मिनिट लागे, चहाला अर्धा तास. मळीच्या गोड-आंबट वासात तो समोर बसे, आणि करिष्मा सुटे केस कानामागं सारी... पुन्हा सुटावेत म्हणून.

अशात तिच्या आईचा, वत्सलाबाईचा फोन आला. "रविवारी अकराला उमापूरचे पाव्हणे येणार हायत. आमच्या फडावरल्या कोपीवर, झोपडीवर ये. पोरगं कष्टाळू हाय. पुढच्या हंगामाला जोडीनं कोयता धरचाल."

करिष्मानं फोन ठेवला. जोडीचा कोयता म्हणजे नवऱ्यासोबत पहाटे उसाचा फड, डोक्यावर मोळी. ही खुर्ची गेली म्हणायची. आणि... आणि तो? तो वायरीसाठी येतो की माझ्यासाठी? रविवारच्या आत तिला हे कळायलाच हवं होतं. रात्रभर ती कूस बदलत राहिली.

गुरुवारी तिनं स्वतःच कॉम्प्युटर उघडून पाहिला. सेटिंगमधे दोन्ही कार्डांची नावं जवळपास सारखीच, एकापुढं नुसता दोनचा आकडा. चुकीचं बंद केलं तर काटाच बंद, आणि रस्त्यावर गाड्यांची रांग! तिनं कॅमेऱ्याची वायर उपसून पाहिली. ज्या कार्डावर लाल फुली उमटली ते ओळखलं आणि बंद करून टाकलं. दोन क्लिक. मेसेज गेला.

मग फोन करायला कारणही उरलं नाही. गुरुवार, शुक्रवार... प्रत्येक ट्रॅक्टरला केबिन हादरे, पडदा स्वच्छ राही आणि तिचा जीव कासावीस होई. मोटारसायकलचा आवाज आला की ती खिडकीशी, आणि दुसराच कुणी निघाला की परत खुर्चीत.

शनिवारी दुपारी तिला राहवेना. तिनं फोन लावला. "मेसेज बंद केला मी."

पलीकडून एकच शब्द, "आलो."

अर्ध्या तासात तो दारात उभा. केसांत धूळ, श्वास चढलेला.

"मेसेज नाही म्हणून सांगितलं ना? मग काऊन आलात?"

"बघायला..."

"दोन क्लिकचं काम होतं. तुमाला ठाव नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी ठाव होतं." तो कान खाजवत म्हणाला. "लई मोठा गुन्हा झाला. पण बंद केला असता, तर परत काय सांगून आलो असतो?"

तिला हसू आलं, डोळेही भरले. "उद्या मला बघायला उमापूरचे पाव्हणे येणार हायत."

आदिनाथचा चेहरा उतरला. बाहेर हॉर्न वाजत होते. "तुमाला... पसंत हाय?"

"मला ही खुर्ची सोडायची न्हाई. अन्... नऊ वेळा चहा कुणाला पाजला मी?"

त्यानं पाठीवरची बॅग खाली ठेवली. "खुर्ची तुमचीच, करिष्मा. कितीला येणार हायत ते?"

पहिल्यांदाच त्यानं मॅडम म्हटलं नव्हतं.

"अकराला."

"मग मी मायला घेऊन दहाला तुमच्या आईकडं येतो."

ट्रॅक्टर काट्यावर चढला, केबिन हादरली. आकडा पडद्यावर लख्ख होता, तरी तिनं दोनदा चुकीचा वाचला.

"दहाला नको," ती मान न वळवता म्हणाली. "नऊला या."