काकांचं स्टिअरिंग

जुन्या वस्तूचा फोटो एआयला द्यायचा, हवं ते चार ओळींत सांगायचं, की नवा अवतार हजर. या कामात पुतणीचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यामुळे काकांची जुनी आलिशान गाडी एका हॉटेलवाल्याने दर्शनी दालनात ठेवायला घेतली, तेव्हा गाडीचं रुपडं कसं पालटायचं ते ठरवण्याचं काम आपसूक तिच्याकडे आलं. काका जाऊन फार दिवस झाले नव्हते. काकूंची एकच अट होती. बाकी काहीही करा, स्टिअरिंगला धक्का लावू नका. पुतणीने शब्द दिला होता. याच स्टिअरिंगवर तिचे हात ठेवून, वरून आपले दाबून काका तिला गाडी शिकवत. "मी सांगेपर्यंत हात काढायचे नाहीत," असं दटावत.

हॉटेलवाल्याला मात्र बिनचालकाची वाटेल अशी गाडी हवी होती. पुतणीने काकूंना न विचारताच होकार भरला, मेकॅनिकला स्टिअरिंग उतरवायला सांगितलं आणि स्वतः एआयकडून चित्रं काढून घ्यायला बसली.

पहिलंच चित्र झकास आलं. फक्त पुढच्या सीटसमोर, जिथे स्टिअरिंग असायचं तिथे, अधांतरी दोन हात होते. मनगटांच्या मागे कोणी नव्हतं. तिला हसू आलं. हातांचा घोळ घालणं ही यंत्राची जुनी खोड. 'माणूस नको' असं लिहून तिने पुन्हा चित्र काढलं. हात होतेच. रंग बदलला, कोन बदलला, तरी हात होतेच, आणि दर वेळी मुठी जास्त आवळलेल्या. शेवटी तिने चित्र मोठं करून पाहिलं. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. पान्याखाली सापडून काकांचं नख तसंच झालं होतं. यंत्राला दिलेल्या फोटोत तर नुसती गाडी होती.

भीती होतीच, पण त्याहून शरम जास्त होती. काकूंना दिलेला शब्द आपण किती सहज मोडला! तिने घाईघाईने मेकॅनिकला फोन लावला. स्टिअरिंग काढू नका म्हणाली.

"सकाळीच काढलं, ताई. पण..."

"पण काय?"

"तुम्ही येऊनच बघा."

गॅरेजमध्ये ऑइलचा आणि जुन्या चामड्याचा वास कोंडला होता. स्टिअरिंग टेबलावर पडलं होतं. मेकॅनिकने ते लांबूनच दाखवलं. सगळं गार आहे, म्हणाला, फक्त दोन जागा सोडून. त्या सकाळपासून गरमच आहेत.

पुतणीने ते उचललं. नेमक्या त्या दोन जागांवर तिचे हात बसले.

"चुकले मी, काका..." ती हळूच म्हणाली.

तळव्यांखालची ऊब ओसरली. मग हातांच्या पाठीवर ऊब चढू लागली, आणि उबेमागून वजन.

"ताई, ठेवा ते खाली..." मेकॅनिक मागे सरकत म्हणाला.

तिने बोटं सोडवून पाहिली. ती हलेनात.

"नाही काढता येत," ती पुटपुटली. "त्यांनी अजून सांगितलं नाही..."