ट्रायलोबाईटचा एक्स-रे

"पेशंटचं नाव?" मी मान वर न करताच विचारलं.

"ट्रायलोबाईट."

"वय?"

"चाळीस कोटी वर्षं... थोडं इकडंतिकडं."

तेव्हा मात्र मी खिडकीतून बघितलं. बाहेर परतीचा पाऊस लागला होता, आमची ओपीडी रिकामी पडली होती, आणि एक पोरगा दारात निथळत उभा होता. स्वतः भिजलेला, पण हातातलं गाठोडं मात्र कोरडं. टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलेलं. त्यानं टॉवेल उलगडला. आत एक करडा दगड होता.

"दगडाचा एक्स-रे काढायचाय?"

"दगडाचा न्हाई मॅडम, आतल्याचा. आत एक जीव हाय. समुद्रातला, दगड झालेला. कुठल्या बाजूला तोंड करून बसलाय ते कळलं तर मला खोदायला बरं पडंल."

मी वर्षाराणी. रेणापूरकडची. लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते. रोज मोडलेले हात, निखळलेले खांदे, म्हाताऱ्यांचे गुडघे. त्यात कुणी चाळीस कोटी वर्षांचा पेशंट आणला नव्हता. डॉक्टर जेवायला गेले होते... मी दगड टेबलावर ठेवला.

पडद्यावर नुसता पांढरा गोळा आला.

"काहीच दिसत नाही," मी म्हणाले. मलाच वाईट वाटलं.

तो हसला. "मग खोदूनच बघावं लागंल. काय निघालं ते सांगायला येऊ?"

"दगडाचे रिपोर्ट आम्ही देत नाही."

"तुम्हाला कोण मागून राहिलं? मी द्यायला येतो म्हणतोय."

आणि तो आला. पंधरवड्यानं, दुपारच्या चहाच्या वेळेला. नाव वैजनाथ, गाव भोकर, आमच्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या डेंटल लॅबमध्ये दात बनवायचा. त्यानं माझ्या हातावर अंगठ्याएवढं काहीतरी काळंभोर ठेवलं, कुशीत डोकं खुपसून झोपल्यासारखं गोल वळलेलं. मला आधी झुरळच वाटलं.

"झुरळ म्हणू नका, रागवंल," तो म्हणाला आणि भिंग पुढं केलं. "डोळ्यात बघा त्याच्या."

मी बघितलं. मक्याच्या कणसावर दाणे असतात ना, तसे बारीक, गोल दाणे ओळीनं लागलेले. प्रत्येक दाणा म्हणजे एक भिंग.

"जिवंत होतं तेव्हापण हे डोळे खडकाच्याच जातीचे होते," तो म्हणाला. "म्हणून टिकले."

मी भिंगातून डोळा काढला तर तो माझ्याकडे बघत होता. मग आम्ही दोघंही चहाच्या कपात बघायला लागलो.

हळूहळू कळत गेलं. त्यानं मोबाईलवर मोरोक्कोतला एक माणूस दगडातून असा जीव सोडवताना बघितला होता. "त्याच्या हातात जे हत्यार होतं, तसलंच मी रोज दातावर चालवत होतो की!" आपल्याकडं मिळत नाहीत, तो सांगायचा, आपला सगळा काळा दगड लाव्हाचा. म्हणून तो तिकडून न फोडलेले दगड पार्सलनं मागवायचा. निघालेला एकही कधी विकला नाही. बुटाच्या खोक्यात कापूस घालून ठेवायचा आणि माझ्यासारख्या एखाद्याला दाखवायचा.

"माझ्यासारखे किती आहेत?"

"खोकं उघडल्यावर दहा-बारा जण झुरळ म्हणून पळाले. डोळ्यात बघणारी तुम्ही एकटीच."

एका रविवारी मी त्याची खोली बघायला गेले. पत्र्याची, एकच खिडकी, तीही बंद. उघडली की धूळ घरमालकिणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जायची. कंप्रेसर गुरगुरायला लागला. पेन्सिलीएवढं हत्यार, टोकाची सुई थरथरत दगडाचा पीठ-पीठ भुगा करत होती. तोंडाला फक्त रुमाल बांधलेला. मी दारात उभी राहून बघत राहिले. इतक्या नाजूकपणानं कुणी कशाला हात लावताना मी बघितलं नव्हतं... काम थांबवून त्यानं वर बघितलं तर पापण्या पांढऱ्या झालेल्या. मी ओढणीच्या टोकानं त्या पुसल्या. त्यानं डोळे मिटून घेतले.

"राणी म्हटलं तर चालंल का?" डोळे न उघडताच त्यानं विचारलं.

"अर्धंच नाव?"

"वर्षा बाहेर लई झाली यंदा."

मी हसले आणि त्याला खोकला आला. बराच वेळ आला.

तो खोकला मग गेलाच नाही. धुळीचा आहे, हवा बदलली की जातो, असं तो म्हणत राहिला. उन्हाळ्यापर्यंत दवाखान्याचा जिना चढताना तो मध्ये थांबायला लागला, मोबाईलमध्ये बघण्याचं निमित्त करून. शेवटी मीच डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि त्याला मशीनपुढं उभं केलं.

"शर्ट काढावा लागतो का?" तो लाजला.

"चेन काढा गळ्यातली. हनुवटी वर. खांदे पुढं."

"आवाज कामून कडक झाला एकदम?"

"ड्युटीवर आहे मी. श्वास घ्या... मोठा. रोखून धरा."

मी काचेमागं गेले, बटण दाबलं. पडद्यावर चित्र उमटायला लागलं आणि माझे हात तिथंच थांबले. दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात राळ्याचे दाणे सांडावेत तसे ठिपके. बारीक, पांढरे, दाट. मी वर्षानुवर्षं छात्या बघतेय. डॉक्टरांनी काही सांगायच्या आधी मला कळतं.

"मॅडम..." आतून दबका आवाज आला. "सोडू का?"

मी त्याला श्वास सोडायला सांगायचंच विसरले होते.

आधी टीबीच्या तपासण्या झाल्या. टीबी निघाला नाही. निघाला असता तर बरं, असं मला वाटलं; त्याला औषध तरी आहे. मग सीटी झाला आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, सिलिकोसिस. आत बसलेली धूळ निघत नाही. नवी जाऊ द्यायची नाही, एवढंच हातात. आणि कधीकधी धूळ थांबवली तरी ते आतल्या आत वाढतच राहतं.

वैजनाथनं शांतपणे विचारलं, "डॉक्टरसाहेब, ही धूळ दातांची का दगडांची?"

लॅबमध्येही त्यानं बिनखिडकीच्या खोलीत वर्षानुवर्षं वाळूचा फवारा मारून दातांवर बसवायच्या धातूच्या टोप्या घासल्या होत्या.

"फुफ्फुसाला दोन्ही सारखंच," डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. तो म्हणाला, "दातांची असती तर राग धरला असता कुणावर तरी. दगडांची असंल तर... मीच की." मी त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला, पण त्याचा हात माझ्या हातात नुसता ठेवल्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी लॅबवाल्यांनी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं. मी फोन लावत राहिले. तो वाजून वाजून बंद व्हायचा.

त्याच सुमारास माझे वडील शेषेराव, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एक स्थळ घेऊन आले. मी नको म्हणाले आणि कामून नको तेही सांगितलं. आई चुलीपुढं रडायला लागली. दादा गोठ्यात देवणी गाईची पाठ खरारत होते. ते मागं न वळताच म्हणाले, "बाजारात जनावर धापा टाकत असलं तर मी त्याच्याकडं बघत बी न्हाई. अन् तू नवरा करायली."

"दादा, तो जनावर नाही."

"म्हणूनच सांगायलो. जनावर मेलं तर दुसरं आणता येतंय."

त्यांचा आवाज फाटला. मी तशीच निघाले. लातूर ते नांदेड, नांदेड ते भोकर. खिडकीतून सोयाबीनची हिरवी रानं मागं जात होती आणि मी त्याला काय काय बोलायचं ते मनात रचत होते. पोचेपर्यंत त्यातलं काहीच उरलं नाही.

घर शेताच्या कडेला होतं. त्याची आई कस्तुराबाई अंगणात ज्वारी पाखडत होती, आणि तो तिच्यापासून लांब, लिंबाखाली बाजेवर. वाऱ्याच्या उलट्या बाजूला. वाळला होता.

"तू ती फोटू काढणारी व्हय?" कस्तुराबाईनं विचारलं. "दमा हाय म्हणतोय गं हा. पाखडाय लागले की पळतोय."

म्हणजे आईला त्यानं खरं सांगितलं नव्हतं. ती पाणी आणायला आत गेली.

"कशाला आलीस?" तो मला पहिल्यांदाच 'अगं-तुगं' करत होता. "खोकं घेऊन जा. मशीनबी बाजंखाली हाय. एक दगड अर्धा राहिलाय, तो फेकून दे."

"अर्धा कसा फेकायचा?"

"मग काय करू? मला हात लावता येत न्हाई."

"मला येतो."

मी दवाखान्यातून चांगला मास्क नेला होता. मागच्या खोलीत मशीन लावलं, दार लावून घेतलं, फटीला ओलं पोतं लावलं आणि त्याला व्हिडिओ कॉल केला. या वेळी त्यानं उचलला. तो बाहेर बाजेवर, मी आत. मध्ये मातीची भिंत.

"हत्यार आडवं धर. जोर लावू नको... त्याला वाटलं पाहिजे की वारा लागायला."

"असं?"

"हाव. आता डावीकडं. माझं डावं न्हाई राणी, तुझं."

किती तरी दिवसांनी त्यानं ते नाव घेतलं. माझे डोळे भरले आणि नेमका तेव्हाच हात घसरला. टक् आवाज झाला. पाठीवरचा केसासारखा बारीक काटा माझ्यासमोर तुटून पडला होता.

फोनमधून बाज करकरल्याचा आवाज आला.

"तुटला?" त्यानं विचारलं.

"हो..."

"रडू नको. चिटकवता येतंय. सगळेच चिटकवतेत, कुणी सांगत न्हाई." आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकायला लागला, आणि मी भिंतीच्या अलीकडं तो खोकला दोनदा ऐकला, एकदा फोनमधून, एकदा खरा.

हौदावर तोंड-हात धुऊन, ओढणी झटकून मी बाहेर आले. बाजेच्या कडेला बसले.

"जा आता," तो म्हणाला. "गाडी निघून जाईल."

"जाऊ दे."

"राणी, तुला कळत कसं न्हाई? उद्या मला ऑक्सिजन लागंल. मी नुसता बसून राहणार. तू नोकरी करायची, मला सांभाळायचं, अन् मग एक दिवस..."

"मला कळत नाही?" माझा आवाज चढला. "तुमच्या आत काय आहे ते जगात सगळ्यात आधी मी बघितलंय, वैजनाथ. डॉक्टरांच्या आधी, तुमच्या आधी. न बघता प्रेमात पडले असते तर गोष्ट वेगळी. मी बघून आलेय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोंड फिरवलं आणि पाठमोऱ्यानंच म्हणाला, "किती दिवस ते मी सांगू शकत न्हाई."

"मी विचारलंय?"

त्याचा हात बाजेवरून सरकत माझ्या हातावर आला. या वेळी त्यानं घट्ट धरला होता.

संध्याकाळी त्यानं आईला खरं काय ते सांगितलं. कस्तुराबाईनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

लग्न मार्गशीर्षात, आमच्या गावात ठरलं. दादांनी आईला निक्षून सांगितलं होतं, "मी मांडवात पाय ठेवणार न्हाई." मीही मनाची तयारी केली होती. लग्नाच्या दिवशी सकाळपासून ते दिसलेच नाहीत. ऊस भरलेले ट्रॅक्टर रस्त्यानं जात होते, प्रत्येक ट्रॅक्टरमागं धुरळ्याचा लोट उठत होता, आणि मला धडकी भरत होती. भोकरची जीप वेशीत आली तसा आईनं मला खिडकीशी बोलावलं.

"बघ," ती म्हणाली.

रस्त्यावर दादा होते. गोठ्यातल्या दोन बादल्या घेऊन. हौदावरून पाणी आणायचं, वेशीपासून मांडवापर्यंत शिंपडत यायचं, परत मागं. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. ट्रॅक्टरवाल्यावर ओरडत होते, "थांब रे! जावई उतरू दे आधी!" कुणी पोरगं मदतीला धावलं तर त्यालाही हाकलत होते.

जीप थांबली. वैजनाथ हळूच उतरला, एका हातानं जीपचं दार धरून. त्यानं खाली ओल्या मातीकडं बघितलं, मग रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बापाकडं. मग तो चालत आला, सावकाश, मध्ये एकदा थांबून, आणि माझ्या खिडकीखाली येऊन कुजबुजला,

"राणी... मामांनी तर पार चिखल करून ठेवलाय की गं."