कान नावाच्या गावाला

पेणच्या ट्रस्टमध्ये अम्मीची चाकांची खुर्ची परत करून सबिहा मुकादम रस्त्यावर आली, आणि तिच्या लक्षात आलं, आपल्या हातांना आता काहीच काम उरलेलं नाही. सहा वर्षं हे हात अम्मीला उठवत होते, भरवत होते, कूस बदलून देत होते. अम्मीला जाऊन वर्ष झालं तरी खुर्ची घरातच होती. आज तीही गेली.

जुलैचा पाऊस कोसळत होता. रोह्याच्या एसटीला वेळ होता. एका गणपतीच्या कारखान्याच्या जिन्याखाली ती उभी राहिली. तेवढ्यात एक उंच तरुण मोठा खोका कवटाळून बाहेर आला. खोक्यावरचं प्लास्टिक वाऱ्यानं उडत होतं.

"अहो, जरा हे धरता का? बाप्पा भिजेल... अमेरिकेला जायचाय!"

तिनं दोन्ही हातांनी प्लास्टिक धरलं. दोघं तिरकी तिरकी चालत टेम्पोपर्यंत गेली. खोका कोरडा राहिला, ती दोघं मात्र चिंब.

"मी डॅनियल पेणकर. वरच्या मजल्यावर माझं ऑफिस हाय. तिकिटं, व्हिसा, आणि सीझनला बाप्पाचं पार्सल."

"डॅनियल म्हणजे ख्रिश्चन?"

"नाय, बेने इस्राएल. ज्यू. इथल्याच इस्राएल आळीतला. तुम्ही?"

"सबिहा. रोह्याजवळच्या अष्टमी गावची... मुकादमांची."

त्यानं खोक्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हसला. "बाप्पाला आज बघा कोण कोण सापडलं!"

सबिहाही हसली. हसल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं.

वर चहा पिताना तिनं कप खाली न ठेवताच विचारलं, "फ्रान्समध्ये एक गाव आहे. समुद्रावरचं. कान."

डॅनियलनं स्वतःच्या कानाला हात लावला. "हा?"

"हाच. तिथं मला जायचंय. एकटीला."

त्यानं थट्टा तिथंच थांबवली. तिच्या आवाजात तसं काहीतरी होतं.

मग तिनं सांगितलं. अंथरुणावर पडल्या पडल्या अम्मी मोबाइलवर गावं बघायची. कानचा किनारा तिला सगळ्यात आवडला होता. निळं पाणी, पांढऱ्या छत्र्या, रेशमी कपड्यांतल्या बायका, आणि कुणालाही कसलीच घाई नाही. 'आपल्या खाडीवर माणूस कामाला जातं गो,' अम्मी म्हणायची. 'ती माणसं बघ, नुसती बसलीत.' आणि शेवटच्या महिन्यात सबिहाचा हात धरून म्हणाली होती, 'तू जा. एकटी जा. कुणाचं काही करावं लागणार नाही, अशी जा.'

डॅनियलनं टेबलावरचा नकाशा पुढे ओढला. "जाऊ या," तो म्हणाला, आणि जीभ चावली. "म्हणजे... तुम्ही. तुम्ही जाल."

त्यानंतर सबिहा वरचेवर पेणला येऊ लागली. धाटावच्या कंपनीतल्या लॅबमधली शिफ्ट संपली की थेट. शनिवार सोडून, कारण तो ज्यूंचा विसाव्याचा दिवस, त्याचं ऑफिस बंद असे. तिनं सुरुवातीला केलेला बेत डॅनियलनं वाचला आणि मान हलवली. "सकाळी किल्ला, दुपारी बाजार, संध्याकाळी बोट... सुट्टी हाय का शिफ्ट? निम्मं काढून टाका. नुसतं बसायला चाललात ना?"

खाण्याचं बोलताना ती संकोचली होती. "हलाल मिळेल का तिथं? आणि खोलीत दारूच्या बाटल्या नकोत... मी जरा जास्तच—"

"जास्त काय त्यात? आमच्याकडे मटण आणि दूध एका ताटात येत नाय. लहानपणापासून लग्नाच्या पंगतीत विचारत बसलोय, यात काय घातलंय, त्यात काय घातलंय." त्यानं तिच्यादेखतच फोन लावले, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये. स्वयंपाकघर असलेली एक खोली शोधली. कपाटातल्या बाटल्या काढून ठेवायला सांगितलं. हलाल खाटीक कुठे, मशीद किती लांब, सगळं विचारून घेतलं.

"आणि काहीच नाय मिळालं तर मासे खा. कोळंबी चालते तुम्हाला?"

"आम्हाला चालते. तुम्हाला?"

"नाय ना! खवले नसलेलं काहीच नाय. कोकणात जन्मून कोळंबीची चव ठाऊक नाय." त्याचा चेहरा इतका दुःखी झाला की सबिहा तोंडावर ओढणी धरून हसत राहिली.

एकदा तिनं विचारलं, "तुमची प्रार्थनेची जागा?"

"आमची जुनी माणसं तिलाही मशीदच म्हणतात." तो थांबला. "आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर मुंबईहून बोलवावे लागतात."

दुसऱ्या एका दिवशी तो काहीसा लाजत म्हणाला, "तुमच्या बाल्कनीत समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिलात, की किब्ला, तुमची नमाजाची दिशा, डाव्या हाताला येतो. मी नकाशावर बघून ठेवलंय."

सहा वर्षांत सबिहाला काय लागेल हे आधीच बघून ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं. परतीच्या एसटीत नागोठणं कधी मागे पडलं, तिला कळलं नाही.

ऑगस्टमध्ये मामू आले. महाडचं स्थळ घेऊन. माणूस चांगला होता, शिकलेला होता. "निकाह होऊ दे, मग दोघं जा फ्रान्सला," मामू म्हणाले. "एकटी पोर परदेशात... लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, आईनं पाठवलंय."

"ती गेली, सबिहा."

"म्हणूनच, मामू. ती असती तर मला जाता आलं असतं का?"

मामू पानाचा डबा न उघडताच उठले. "मग मला यात धरू नकोस," एवढंच म्हणाले. उंबऱ्यावर त्यांना चप्पल सापडेना. सबिहानं ती वाकून पुढे केली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण शब्द मागे घेतला नाही.

गणपती झाल्यावर व्हिसा आला. पासपोर्ट द्यायला डॅनियल स्वतः रोह्याला आला. कुंडलिकेच्या पुलावर ती दोघं कठड्याशी उभी राहिली. खाली पाणी गढूळ आणि संथ होतं.

"काही राहिलं का बघा," तो म्हणाला.

"तुम्हीच बघितलंय सगळं. काय राहणार?"

"एक राहिलंय." त्यानं कठडा घट्ट धरला. "मीही येऊ का, असं विचारायचं फार मनात होतं. विचारत नाय. तुमच्या आईनं एकटी म्हटलंय. पण... मला तुम्ही आवडता, सबिहा. सांगून मोकळा होतो. दिवाळीनंतर आम्ही इस्राएलला कायमचे चाललो. ज्युडिथताई तिकडे हाय, ती आईला एकटी ठेवायला तयार नाय. आळीत आता दोनच घरं उरलीत."

"मग जाताना कशाला सांगायचं असं?"

"न सांगता गेलो असतो तर बरं वाटलं असतं तुम्हाला?"

तिला खोटं बोलता येईना. एसटी धडधडत गेली, पूल हलला. ती म्हणाली, "सहा वर्षं मी हाकेसरशी ओ देत आले. याला मला सावकाश ओ द्यायचीय. चालेल?"

"चालेल," डॅनियल म्हणाला. पण त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला तो पाण्याकडे बघत राहिला.

कान तसंच होतं, अम्मीनं बघितलेलं. माडांसारखी ताडाची झाडं, पांढऱ्या छत्र्या, उंची अत्तरांचा वास, कमरेवर हात ठेवून चालणाऱ्या देखण्या बायका. सबिहाकडे कुणी वळूनही बघितलं नाही, आणि याचंच तिला केवढं सुख वाटलं! पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर बसल्या बसल्या रडू आलं. वर्षभर अडलेलं रडू. कुणाला औषध द्यायचं नव्हतं, कुणी हाक मारणार नव्हतं. ती पोटभर रडली, समुद्राच्या पाण्यानं तोंड धुतलं, खोलीवर जाऊन नमाज पढली.

मग दिवस हलके होत गेले. ती मासे तळायची, बाल्कनीत एकटीच जेवायची, आणि तिला कुणाचीही उणीव भासत नव्हती. हे तिला स्वतःलाच तपासून बघावंसं वाटलं. नाही, खरंच नव्हती. एकटीनं राहता येत होतं, चांगलं राहता येत होतं. आणि तरीसुद्धा लाटेत पाय घालून चालताना तिला सारखं वाटत होतं, हे डॅनियलला सांगायला हवं... हेही... आणि हेही.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, वाळूत बसूनच तिनं फोन लावला.

"कशा हायत?" त्याचा आवाज दबका होता.

"छान आहे. एकटी छान आहे, डॅनियल. म्हणूनच बोलतेय. मला कुणाच्या आधाराची गरज नाही. मला तुम्ही हवे आहात."

पलीकडे कुठेतरी पेणमधला एखादा हॉर्न वाजला.

"तुमचा धर्म तुम्ही सोडू नका, माझा मी सोडणार नाही," ती घाईनं म्हणाली. "सोपं नाही, माहीत आहे. मामू कदाचित लग्नाला यायचे नाहीत. तुम्हाला जायचं असेल तर जा... पण माझं उत्तर हे आहे."

"फोन ठेवू नका," डॅनियल म्हणाला. "आई इथंच हाय. मी आत्ताच सांगतो."

सबिहानं फोन कानाशी गच्च धरला. त्याची पावलं ऐकू आली, मग 'आई' अशी हाक. मग दोघांचं हलक्या आवाजातलं बोलणं, त्यातले शब्द कळेनात. एकदा त्याच्या आईचा, रूथबाईंचा, आवाज चढला, "आणि ज्युडिथला काय सांगू मी?" आणि डॅनियल म्हणाला, "मी सांगेन. मी इथं राहतोय. तू ठरव, आई, तुला कुठं राहायचंय." समोर मुलं पाण्यात उड्या मारत होती, तीही सबिहाला दिसेनाशी झाली.

फोनवर खरखर झाली.

"मी डॅनियलची आई." आवाज थकलेला होता. "मला हे पटलं नाय हाय. आधीच सांगून ठेवते."

"जी," सबिहा म्हणाली.

"लगेच पटेल असंही नाय."

"जी."

रूथबाईंनी एक मोठा श्वास घेतला. "तिथं एकटीच हायस ना तू? जेवलीस का गो?"

"नाही... अजून नाही," सबिहा म्हणाली.

"मग आधी जेव जा. उपाशीपोटी असलं काय बोलू नये," रूथबाई म्हणाल्या. "परत आलीस की घरी ये. मग बसून बोलू."