पाठमोरी जाहिरात

बसा ना. तुमची पत्रकं छापून यायला अजून वेळ आहे. आमच्या या सान निकोलास भागात सगळे छापखानेच, आणि त्यांची यंत्रं या घटकेला जेवायला थांबतात. कशी चिडीचूप झालीय गल्ली, ऐकताय ना? एरवी इथे शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. ही शांतता मला पूर्वी फार आवडायची. आता नाही आवडत. का ते सांगतो. कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि तुमची माझी ओळख नाही तेच बरं.

गेल्या महिन्यात अशाच एका दुपारी आर्नुल्फो कैसेदो आले. अख्खं काली शहर त्यांना मास्तर म्हणतं. कित्येक वर्षं साल्साचा वाद्यवृंद चालवतायत, स्वतः ट्रम्पेट वाजवतात, आणि सत्तरी उलटली तरी पांढऱ्या कोटाची इस्त्री मोडत नाही. डिसेंबरच्या जत्रेत त्यांचा मोठा कार्यक्रम, त्याची पानभर जाहिरात संगीताच्या मासिकात द्यायची होती. त्यांनी एक जुना फोटो माझ्या टेबलावर ठेवला. हुआनचितोच्या पुलाजवळ, काउका नदीच्या कठड्याला टेकून दोन तरुण उभे. एक मास्तर, कॅमेऱ्याकडे बघून खुशीत हसणारे. दुसरा लिबार्दो मिना, त्यांच्याकडे बास, ते माणसाएवढं तंतुवाद्य, वाजवायचा, आता हयात नाही. लिबार्दोचा हात मास्तरांच्या खांद्यावर.

“याला काढायचं,” मास्तर म्हणाले.

“लिबार्दोला?”

“मग काय नदीला? आणि खाली लिही, ‘पुलावरची एनेलिया’, शब्द आणि संगीत आर्नुल्फो कैसेदो.”

मी बघतच राहिलो. ते गाणं आमच्याकडे लग्नात वाजतं, बारशाला वाजतं, माणसाला पोचवून आल्यावरही वाजतं. लिबार्दोने ते स्वतःच्या बायकोवर रचलं होतं. त्या बायकोला मी रोज बघतो.

“मास्तर, गाणं त्याचं आहे. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळे म्हणजे कोण? चार म्हातारे. ते गेले की उरतं ते छापलेलं.” मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “तू काय न्यायाधीश आहेस का रे येसिद? फोटोवाला आहेस. चल, हात चालव.”

आणि मी हात चालवला. मोठ्या माणसापुढे नाही म्हणायला माझी जीभ कधी उचललीच नाही. फोटो संगणकात घेतला. माणूस पुसायचा म्हणजे रबराने खोडायचा नसतो. शेजारच्या पाण्याचा तुकडा उचलायचा आणि त्याच्यावर मारायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा मारायचा. त्याचे पाय गेले, छाती गेली, चेहरा गेला. खांद्यावरचा हात तेवढा राहिला होता. पांढऱ्या कोटावरून एकेक बोट उचलावं लागलं. तुम्हाला वाटेल आता तो परत येईल, भुतासारखा. मलाही वाटलं होतं. पण लिबार्दो मुकाट्याने गेला, एक सुरकुतीही मागे न ठेवता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको आली. कोपऱ्यावर बसून उकडलेली चोन्तादुरोची फळं विकतात त्या, मीठ आणि मध लावून. सगळे त्यांना आदराने दोन्या, म्हणजे बाई, दोन्या एनेलिया म्हणतात.

“पोरा, जाहिरातीत हुआनचितोचा फोटो आहे म्हणे? म्हणजे आमचे म्हातारबुवा पण असतील!”

मी घाईघाईने माझं काम झाकलं आणि मूळ फोटो पडद्यावर आणला. लबाडी कशी झरझर सुचते बघा. त्या वाकल्या. लिबार्दोच्या गालाजवळ बोट नेलं, पण काचेला लावलं नाही.

“कसला दिसायचा मेला,” त्या म्हणाल्या. मग हळूच, “नाव टाकशील ना रे त्याचं? गाण्याखाली? माझ्या नातीला शाळेत पोरी हसतात. म्हणतात, तुझ्या आजीवर कोण कशाला गाणं रचेल? ती आता मलाच विचारते, आजी, खोटं सांगतेस का गं? तेवढं छापून आलं ना, की झालं. दुसरं काही नको मला.”

“बघतो,” मी म्हणालो. तोंडातला तो शब्द मला थुंकून टाकावासा वाटला, इतकी लाज वाटली.

जाताना त्या म्हणाल्या, “पण हा कैसेदो असा मान खाली घालून का उभाय?”

त्या गेल्यावर मी नीट पाहिलं. कॅमेऱ्याकडे बघून हसणारे मास्तर फोटोत जमिनीकडे बघत होते. मी मूळ कागदी फोटो हातात घेतला. त्यातही. खिडकीपाशी उजेडात नेला. हनुवटी कोटाच्या कॉलरला टेकलेली... काल असं नव्हतं. मी झाकलेलं काम उघडलं, त्यात तर एक हात चेहऱ्यापर्यंत आला होता. बाहेर ऊन रणरणत होतं, आत शाईचा आणि रॉकेलचा वास कोंडला होता.

मी मास्तरांना बोलावून घेतलं. त्यांनी फोटो पाहिला, नाक मुरडलं. “जुना कागद आहे, खराब झाला असेल. नवा काढ.”

त्यांना पांढऱ्या भिंतीपुढे बसवलं. ते झकास हसले, सोन्याचा दात दाखवून. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तोच कोट, तीच भिंत, आणि दोन्ही हात तोंडावर.

“मास्तर, हात कशाला वर केलेत?”

“कुणी केले हात वर?”

दुसऱ्या वेळी मी कॅमेऱ्यातून बघितलंच नाही, सरळ त्यांच्याकडे बघत बटण दाबलं. हात मांडीवर होते, शपथेवर सांगतो. आणि पडद्यावर... कोपरं जुळवलेली, चेहरा ओंजळीत खुपसलेला, खांदे आत ओढलेले. चोरी पकडल्यावर पोरगं बसतं तसं. मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“पुसून टाक,” ते पुटपुटले.

“पुसलं.”

मी वाट बघत होतो. वाटत होतं, आता म्हणतील, जाऊ दे येसिद, त्याचं नाव टाक. मीही म्हणू शकलो असतो. दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

“पाठमोरा काढ,” शेवटी टोपी डोक्यावर ओढत ते म्हणाले. “पाठीला काय कळतंय?”

पाठमोरा फोटो अगदी सरळ आला. टोपी कानांवर ओढलेली, खांदे ताठ. जुन्या फोटोतले मास्तरही पुसून तो मी तिथे नदीच्या कठड्याशी लावला, पुलाकडे तोंड करून. खोटं कशाला बोलू, जाहिरात देखणी झाली. खाली गाणं आणि मास्तरांचं नाव लिहिलं. लिहिताना माझी बोटं जराही थरथरली नाहीत, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

या सोमवारी अंक आला. दुपारी यंत्रं थांबली आणि दोन्या एनेलिया दारात उभ्या. हातात मासिक. मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. आता शिव्या घालतील, घालू देत, असं म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी माझ्यापुढे फळांची पिशवी ठेवली.

“काय छातीचा आहेस रे तू!”

“मी?”

“नाव त्या हलकटाने स्वतःचं घातलंय, ते बघितलं मी. पण फोटो तू माझ्या म्हाताऱ्याचा टाकलास. त्याच्या नाकावर टिच्चून! नातीला दाखवला. म्हटलं, हा बघ तुझा आजोबा.”

“दोन्या एनेलिया, तो... तो फोटो...”

“मला ओळखायला शिकवतोस? बास वाहून वाहून डावा खांदा उतरला होता त्याचा. हा बघ.”

मी बघितलं. डावा खांदा उतरलेला होता. टोपी मागे सरकलेली, आणि तिच्याखाली एक कान. कानाची पाळी चिरलेली.

“कान...” मी म्हणालो.

“लहानपणी कोंबड्याने टोचलेला. सकाळी अंक आणला तेव्हा दिसत नव्हता, आता दिसायला लागलाय.” दारची केळी पिकायला लागली असं सांगावं, तितक्या सहज त्या बोलत होत्या. “वळतोय हळूहळू. त्याचं असंच. हाक मारली की लगेच बघेल तर शपथ.”

“कुणाकडे... कुणाकडे वळतोय?”

“तुझ्याकडे, आणखी कुणाकडे? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याची बाजू घेतली. आभार मानायचे असतील त्याला.”

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पिशवीतलं फळ काढून तोंडात घातलं.

“छान आहे,” मी म्हणालो.

त्या गेल्यावर मी फळीवरचा अंकांचा गठ्ठा सोडला. प्रत्येक अंकात तो कान. संगणकात मात्र अजूनही मास्तरच आहेत, ताठ खांद्यांचे, टोपी कानांवर ओढलेले. मास्तरांना फोन केला. ते खूश होते. “एक नंबर जाहिरात! माझी पाठसुद्धा काय रुबाबदार दिसते रे!” त्यांना काही म्हणजे काही दिसत नाही.

गठ्ठा मी तिथे पालथा घालून ठेवलाय, तुमच्या खुर्चीमागे. रोज ठरवतो की बघायचं नाही, आणि रोज एक अंक उलटा करतो. काल गालाचं हाड दिसत होतं. आज गुरुवार, कार्यक्रम शनिवारी आहे. दोन्या एनेलिया नातीला घेऊन पुढच्या रांगेत बसणार आहेत, आणि मीही त्यांच्या शेजारी बसायचं आहे, तसं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

आज सकाळी ओठांची कड दिसली. तो रागावलेला असता तर मला कळलं असतं, मी शहर सोडून तरी गेलो असतो. पण तो हसतोय.