बावीस गाठींचा रिपोर्ट

कोथरूडच्या त्या औषधाच्या दुकानात पोट साफ करायच्या पावडरचं एकच पाकीट उरलं होतं, आणि त्यावर एकाच वेळी दोन हात पडले.

एक हात पूर्णिमाचा. दुसरा... लांब बोटांचा, तर्जनीवर शाईचा डाग असलेला, आणि लगेच मागे सरकलेला.

"घ्या तुम्ही," हाताचा मालक म्हणाला.

"नाही, नाही, तुम्ही आधी होतात—"

"अहो, घ्या हो."

काउंटरमागून बद्रीनाथकाकांनी चष्म्याच्या वरून दोघांकडे पाहिलं. "वाटून घ्या की. निम्मं निम्मं आतडं साफ होईल दोघांचं. फक्त मागच्या गिऱ्हाइकांना वाट सोडा."

प्रेमकथेची सुरुवात जुलाबाच्या पावडरवर झालेली तुम्ही कधी वाचली नसेल. पण झाली खरी, त्याला कोण काय करणार?

"बाबांसाठी हवंय," पूर्णिमा घाईघाईने म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं तरी.

"माझं माझ्यासाठीच," तो म्हणाला. "परवा दुर्बिणीची तपासणी आहे. मोठ्या आतड्याला सूज, कोलायटिस. बारा वर्षं झाली, दर वर्षी आत डोकावून बघावं लागतं. मी डेक्कनवरून दुसरं आणतो, काळजी नको."

इतक्या सहज. चारचौघांत, काउंटरवर, 'मला चष्मा आहे' म्हणावं तसं. पूर्णिमा त्याच्याकडे बघतच राहिली. तिलाही तोच आजार होता, अकरा वर्षं. आणि ती तो शब्द घरातसुद्धा दार लावून बोलायची.

त्याचं नाव पियुष घुले. राहायला मांजरीला, नोकरी कोथरूडमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात. बाबांना पावडर पिताना अडचण आली तर फोन करा, असं म्हणून त्याने नंबर दिला. "पहिल्यांदा पिणाऱ्याला ते समुद्र प्यायल्यासारखं वाटतं. युक्त्या असतात."

पूर्णिमा ओव्हाळ पंचवीस वर्षांची. क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवायची, आणि शिकवताना अशी रंगायची की मागच्या बाकावरची मुलंही मोबाइल खाली ठेवायची. पण या एका बाबतीत तिची बुद्धी गहाण पडली होती. तीन वर्षं तिचं पोट एकदम शांत होतं. मग कशाला ती दुर्बीण? मागच्या वर्षी पावडर आणून कपाटात ठेवली, तिची मुदतच संपली. त्याच्या आदल्या वर्षी एक स्थळ 'पोटाचं काहीतरी आहे म्हणे' एवढ्यावर मोडलं होतं, तेव्हापासून तिने आजार असा पुरला, की तिचं तिलाही तो नाही असं वाटायला लागलं. या वेळी बाबांनीच तारीख घेतली, म्हणून ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता तिने पहिला ग्लास तोंडाला लावला आणि लगेच पियुषला फोन लावला.

"बाबा म्हणतात, हे पिववत नाही."

"थंड करा म्हणावं. वरून लिंबू. आणि स्ट्रॉ जिभेच्या मागे टेकवायची, म्हणजे चव चुकते. मी पण घेतोय आत्ता. बाबांना चिअर्स सांगा."

"बाबा, चिअर्स," पूर्णिमा रिकाम्या खोलीला म्हणाली. बाबा बाहेर बातम्या बघत होते.

दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. मधल्या वेळात करणार काय, तर बोलणं. तो सांगत होता घरच्या उसाबद्दल, आप्पासाहेबांबद्दल— त्याचे आजोबा, त्याला लहानपणापासून त्यांनीच वाढवलेलं. ती सांगत होती तिच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांतल्या गमती. मधेच "एक मिनिट हं—" म्हणून ती पळायची. परत यायची. पुन्हा "एक मिनिट हं—"

पाचव्या वेळी ती धापा टाकत परत आली.

"पूर्णिमा, एक विचारू?"

"विचारा ना."

"पितात बाबा, आणि पळता तुम्ही... हे कसं काय?"

तिचे कान तापले. आणि मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेचना. तिकडे तोही हसत होता, आणि हसता हसता म्हणाला, "एक मिनिट हं," आणि पळाला.

त्या रात्री 'अहो-जाहो' संपलं. अकरा वर्षांचं सगळं तिने त्याला सांगितलं. तीन वर्षं चुकवलेल्या तपासण्यांचंही.

"तू पण?" तो म्हणाला. "मलाही चुकवावीशी वाटते गं दर वर्षी. बरं वाटत असताना कोण जाईल? आप्पा काठी घेऊन उभे राहतात म्हणून जातो."

पहाटे पाचला दुसरा हप्ता. "उठलीस?" "झोपले कुठे?" एवढंच बोलणं, पण डिसेंबरच्या त्या थंडीत तिला ते शालीसारखं वाटलं.

हॉस्पिटल एकच निघालं, डॉक्टरबाईही त्याच. गुंगीच्या औषधाने पूर्णिमाला पूर्ण झोप लागली नाही, आणि पडद्यावर तिला ते दिसलं. एक गुलाबी बोगदा. ओला, चमकणारा, वळणावळणांचा. मधेच पांढुरके जुने व्रण, पावसाने ओहोळ कोरून ठेवावेत तसे. हे माझ्यात आहे? तिला वाटलं. रोज, न सांगता, न थकता, हे माझ्यासाठी राबतंय आणि मी त्याची लाज बाळगली?

"तीन वर्षं कुठे होतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बरं वाटत होतं..."

"सगळ्यांना बरंच वाटत असतं. म्हणूनच तर बोलावतो."

दोघांच्याही आतड्यांतून ठिकठिकाणचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे तपासणीला गेले. रिपोर्ट यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत ते पाच वेळा भेटले, आणि प्रत्येक वेळी 'सहज' भेटले. तो भाताची पेज पिणारा, तिला दूध वर्ज्य. दोघांनी मिळून कोथरूडमधल्या हॉटेलांची यादी केली, पण खाण्याची नव्हे... स्वच्छ संडासांची. "ही यादी छापली तर लोक आपल्याला आशीर्वाद देतील," तो म्हणाला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक बारीक रेघ उमटते, हे तिने तेव्हाच टिपलं.

तिचा रिपोर्ट स्वच्छ आला.

त्याने थोरात उद्यानात भेटायला बोलावलं. बाकावर बसला होता, हातात घडी घातलेला कागद. आज गालावर रेघ नव्हती.

"सापडलं," तो म्हणाला. "एक चपटा डाग होता. कॅन्सर आहे."

समोर लहान मुलं घसरगुंडीवर रांगेसाठी भांडत होती. पूर्णिमाला त्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येऊ लागला.

"पण तू तर... एकही वर्ष चुकवलं नाहीस. चुकवली मी. हे मला व्हायला हवं होतं."

"ए, असं वाटप नसतं ते." त्याने कागद उलगडला. "डॉक्टरबाई काय म्हणाल्या सांगू? आपल्यासारख्यांचा, म्हणजे जुन्या सुजेतून आलेला कॅन्सर उशिरा सापडला तर फार हट्टी. इतरांपेक्षाही. पण लवकर सापडला तर बाकीच्यांसारखाच बरा होऊ शकतो. आतड्याच्या भिंतीतच असला तर दहातले नऊ जण पाच वर्षांनंतरही मजेत असतात. मी वर्षाला जात होतो, म्हणून हा एका वर्षाच्या वयाचा सापडला. तीन वर्षांचा नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. स्वतःचा कॅन्सर हा माणूस तिला असा समजावून सांगत होता, जशी ती मुलांना समीकरण सांगते. घाबरलेला होता, तरी समजावत होता. इतकं धैर्य कुठे ठेवतात माणसं? कुठल्या आतड्यात?

"आणि भिंतीबाहेर गेला असला तर?"

"आतड्याभोवती सगळ्यांनाच लिम्फच्या बारीक गाठी असतात, त्या ऑपरेशनमध्ये काढतात. त्यांत पोहोचला असेल तर मग किमो, आणि गणित बदलतं. किती बदलतं ते रिपोर्ट आल्यावर." त्याने कागदाची पुन्हा घडी घातली. "म्हणून पूर्णिमा, तोवर... तू मला काही सांगू नकोस. सांगशील असं वाटतंय मला काही दिवस. पण नको. एकदा ऐकलं की मी सोडणार नाही मग."

तिने त्या दिवशी ते सांगितलं नाही. सांगू नकोस असं त्यानेच म्हटलं होतं ना.

ऑपरेशन सहा तास चाललं. सगळं मोठं आतडं काढलं. लहान आतड्याची आतल्या आत एक छोटी थैली शिवली, आणि ती जुळून येईपर्यंत तीन महिने आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलं. मोठं आतडं नसतानाही माणूस जेवतो, हसतो, म्हातारा होतो, हे पूर्णिमाला त्या आठवड्यात कळलं. केमिस्ट्रीत एम. एस्सी. होऊनही इतकं मोठं आश्चर्य तिला कोणी शिकवलं नव्हतं.

बाराव्या दिवशी ती बसने मांजरीला गेली. ऊसतोड सुरू होती. हवेत कापलेल्या उसाचा गोड, हिरवा वास होता. अंगणात उन्हाला बाज टाकून आप्पासाहेब बसले होते.

"कोण गं तू?"

"पूर्णिमा. पियुषची मैत्रीण."

"हां, ती फोनवाली. आडनाव काय म्हणालीस?"

"ओव्हाळ."

आप्पासाहेबांनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं. त्या क्षणात काय काय मावतं, हे पूर्णिमाला लहानपणापासून माहीत होतं. ती मान ताठ ठेवून उभी राहिली.

"जा आत," ते एवढंच म्हणाले. "सकाळधरनं फोनकडं बघत बसलाय. रिपोर्ट हाय आज."

पियुष खिडकीपाशी उशीला टेकून बसला होता. वाळलेला. डोळे मात्र तेच. ती खुर्ची ओढून जवळ बसली.

"दुपारपर्यंत फोन येईल," तो म्हणाला. "तू उगाच आलीस. आल्यावर कळवलं असतं की."

"दाखव."

"काय?"

"पोट."

"वेडी आहेस का. ते... ते बघवत नाही."

"मी बघते ना. मला बघवतं का ते मी ठरवीन."

शेवटी मान खिडकीकडे वळवून त्याने सदरा वर केला.

पारदर्शक पिशवीच्या आत, पोटावर, एक लालबुंद गोल. ओला, चमकता, जास्वंदीच्या मिटत आलेल्या फुलासारखा. आणि ती बघत असतानाच तो हलला. हळूच आकसला, पुन्हा फुलला. स्वतःचा स्वतः.

पूर्णिमा खुर्चीतून पुढे वाकली.

"हलतंय," ती कुजबुजली.

"हलतं ते. माझ्या हातात नाही."

"दुखतं?"

"नाही. त्याला स्पर्श कळतच नाही. हात लावला तरी मला समजणार नाही."

"मग तुला समजेल असं करते," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

त्याची मान खिडकीवरून वळली.

"पूर्णिमा, रिपोर्ट—"

"रिपोर्ट तुझा आहे. सांगायचंय ते माझं आहे. रिपोर्ट आल्यावर सांगितलं तर तुला जन्मभर वाटेल की चांगला आला म्हणून सांगितलं. किंवा वाईट आला म्हणून, दयेने. म्हणून आत्ता सांगते. मला तू आवडतोस. त्या नऊ जणांतला असलास तरी, आणि दहावा असलास तरी. वर्षं किती ते त्यांनी ठरवू दे. ती तुझ्याबरोबर घालवायची हे मी ठरवलं."

त्याची बोटं तिच्या बोटांत घट्ट झाली... आणि अजून घट्ट.

फोन वाजला.

त्याच्याने उचलवेना. तिने उचलला, स्पीकरवर टाकला. डॉक्टरबाईंचा कोरडा, रोजचा आवाज आला. "पियुष, बावीस गाठी तपासल्या. एकाही गाठीत काही नाही. कॅन्सर भिंतीतच होता, पूर्ण निघालाय. किमो नको. पुढची पाच वर्षं मात्र मी बोलावलं की यायचं, कारणं सांगायची नाहीत."

फोन बंद झाल्यावर शेतातले कोयते ऐकू येऊ लागले. पियुष रडत होता. डाव्या गालावरची रेघ उमटली होती आणि तिच्यातूनच पाणी ओघळत होतं.

"काय म्हणत्यात?" दारातून आप्पासाहेबांनी विचारलं. चौकट धरून उभे होते.

"काही नाही निघालं, आप्पा," पियुष म्हणाला. "बावीसच्या बावीस स्वच्छ."

आप्पासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. उंबऱ्यावरच बसले. दोन्ही हातांनी टोपी चुरगळत राहिले, बराच वेळ. मग त्यांची नजर त्या दोघांच्या हातांवर गेली. सोडवायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या वडलांचा नंबर लावून दे."

"कशाला, आप्पा?" पूर्णिमाने विचारलं.

"बोलायला. आन् कशाला?"

"ते जरा कडक आहेत बोलायला."

"मग मी काय मऊ हाय? लाव."

तिने लावून दिला. आप्पासाहेबांनी फोन कानाला लावला, घसा खाकरला, आणि उंबऱ्यावरून उठून ताठ उभे राहिले.

"जयभीम, ओव्हाळसाहेब," ते म्हणाले. "मांजरीवरनं आप्पासाहेब घुले बोलतोय. तुमची लेक आमच्याकडं सुखरूप हाय. तिला न्यायला तुम्ही स्वतः या, जेवायलाच या... पुढचं समोरासमोर बोलू."