विरजणाची वाटी

“पोपटराव, ‘बॉरो’ म्हणजे काय?”

“लोन म्हणून घेणे.”

“आणि ‘लोन’?”

“लेंड केलेली वस्तू.”

“मग ‘लेंड’ म्हणजे?”

“बॉरो करू देणे,” पोपटराव शांतपणे म्हणाला.

मिथिलाने कपाळाला हात लावला. पोपटराव हा तिच्या शास्त्रज्ञ आजोबांनी बनवलेला यंत्रमानव. अख्खा शब्दकोश त्याला तोंडपाठ, म्हणून तर आजोबांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. पण मिथिलाला आज गंमत सुचत नव्हती. पुढच्या आठवड्यात ती मिरजेहून आईकडे, चांद्रवसाहतीत (चंद्रावर वसवलेल्या गावात) राहायला जाणार होती. तिथल्या शाळेत देशोदेशीची मुलं आणि सगळ्यांची मिळून भाषा एकच, इंग्रजी. चंद्राची तिला भीती नव्हती. वर्गात मुक्यासारखं बसावं लागेल, याची होती.

“ही चक्राकार व्याख्या (विचारलेला शब्दच फिरून उत्तरात येणं) झाली,” आजोबा म्हणाले. “ बैल घाण्याभोवती फिरतो तसं. अर्थ सांगायचा तर सोप्या शब्दांत सांगावा. ‘टेक’, ‘यूज’, ‘गिव्ह’, ‘बॅक’ येतात ना तुला?”

“घेणे, वापरणे, देणे, परत. ते कोणालाही येतात.”

“तेच पायाशब्द (ज्यांच्यावर बाकीचे शब्द उभे करता येतात असे मोजके शब्द). त्यांतून ‘बॉरो’ बांधून बघ. पण आधी मोमीनकाकूंकडून विरजण आण, दूध कोमट झालंय.”

पोपटरावाला घेऊन मिथिला शेजारी गेली. काकूंनी वाटीत दोन चमचे दही घालून दिलं. परत येताना मिथिला पुटपुटत होती. “यू टेक. यू यूज. यू गिव्ह बॅक. जमलं की रे! हे विरजण आपण बॉरो केलं.”

“मग ते परत कधी करायचं?” पोपटरावाने विचारलं.

मिथिला थबकली. “विरजण कोणी परत करतं का? ते दुधात जातं.”

“आणि वाटी?”

“वाटी परत करायची. रिकामी नाही द्यायची, एवढंच.” बोलता बोलता तिचा चेहरा उजळला. “म्हणजे वाटी बॉरो केली. विरजण काकूंनी नुसतंच दिलं.”

आजोबांनी ते ऐकून मान डोलावली. व्याख्या अशी उदाहरणावर घासून बघावी, ते म्हणाले. पण मिथिलाचं समाधान होईना.

“आजोबा, पायाशब्द तरी कशावर उभे राहतात? ‘गिव्ह’ कुठल्या शब्दांत सांगायचा?”

आजोबांनी डब्यातला बेसनलाडू काढून तिच्या तळहातावर ठेवला. “गिव्ह,” ते म्हणाले. “दही आपोआप लागत नाही, चमचाभर कोणाकडून तरी आणावं लागतं. शब्दांचंही तसंच. पहिले थोडे माणसांच्या हातून मिळतात, मग बाकीचे त्यांच्यातून लागतात.”

“मला कोणी दिले नाहीत,” पोपटराव म्हणाला. “मला एकदम शब्दकोशच भरला.”

मिथिलाला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं. तिने विरजण दुधात घातलं, वाटी धुतली, लाडू तिच्यात ठेवला आणि वाटी त्याच्या धातूच्या हातात दिली. “गिव्ह. आता काकूंना देऊन ये.”

पोपटरावाने वाटी दोन्ही हातांनी धरली. मग तो जपून, लाडू न पाडता शेजारी गेला.

चंद्रावरच्या शाळेत पहिल्याच दिवशी मिथिलाशेजारी मंगोलियाची तेमूलेन बसली. तीही नवीनच होती. तिने मिथिलाच्या पेन्सिलीकडे बोट दाखवलं.

“बॉरो?” मिथिलाने विचारलं. तेमूलेन गोंधळली आणि तिचे डोळे भरून आले. ती भीती मिथिलाच्या चांगल्याच ओळखीची होती.

तिने पेन्सिल तेमूलेनच्या हातात ठेवली. “यू टेक,” ती म्हणाली. मग हवेत लिहून दाखवलं, “यू यूज.” मग स्वतःचा हात पुढे केला, “यू गिव्ह बॅक.”

“बॉरो,” तेमूलेन हळूच म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी पेन्सिल परत आली. तिला छान नवीन टोक काढलेलं होतं.