आवडीची नजर

कशेळ्याच्या बाजारातल्या टीव्हीवर आवडी निरगुडा बोलत होती, आणि त्याच वेळी तिची आई बायजा पोलिस चौकीच्या पायरीवर बसून ती हरवल्याचं सांगत होती.

"सकालधरनं घरी नाय. जेवायला बी नाय आली."

उपनिरीक्षक दीक्षा रोकडेने समोरच्या हॉटेलातल्या टीव्हीकडे पाहिलं. आवडी पंचायत समितीच्या निवडणुकीला उभी होती. पडद्यावर तिच्या मागे नुसती पांढरी भिंत दिसत होती.

"मी या निवडणुकीतून बाजूला होते. माझ्या माणसांनी विकासशेठना मत द्यावं."

वाक्य संपलं. आवडीचे डोळे खाली डावीकडे गेले, काही विचारल्यासारखे थांबले. मग तिने श्वास सोडला. चित्र गेलं.

दीक्षा भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. जेवताना घरात आवाज हवा म्हणून ती टीव्ही लावायची, त्यामुळे केबलवरची आवडीची सगळी भाषणं तिने ऐकली होती. पण भाषण संपल्यावर ही बाई कुणाकडे तरी बघते, हे ती आज पहिल्यांदा पाहत होती.

बायजाला घेऊन तिचा मुलगा नवनाथ आला होता. बहिणीचा प्रचार तोच सांभाळायचा.

"ताईला शेवटचं कधी बघितलंस?"

"सकाळी. मग मी जुन्या हायवेवर लोधिवलीला गेलो, कामावर. फार्महाऊसची राखण करतो मी."

"हे भाषण केबलवर कसं गेलं?"

"ताईच्याच फोनवरनं केबलवाल्या किरणला आलं. आता फोन बंद लागतो."

"तुला काय वाटतं?"

"तिचे डोळे बघा ना मॅडम. कॅमेऱ्यात कुठं बघते? विकासशेठचा माणूस समोर उभा असणार, दम देत."

आवडीच्या विरोधात उभा असलेला विकासशेठ कडावला सभेत होता. सकाळपासून तिथेच, शेकडो माणसांसमोर. "पाडायचंय तिला, पळवायचं कशाला?" एवढंच तो फोनवर म्हणाला. पण माणसं धाडायला स्वतः जावं लागत नाही, हे दीक्षाला ठाऊक होतं.

केबलवाला किरण कर्जतला एका गाळ्यात भाषणं शूट करायचा. दीक्षाने त्याला जुनी भाषणं लावायला सांगितली, काटछाट न केलेली.

"पहिल्या दिवशी बाई बोलेचनात," किरण म्हणाला. "कॅमेऱ्याच्या काचेत कुणी नाय, मग बोलू कुणाशी, म्हणाल्या. इकडं तिकडं बघायच्या. असं बघणारा माणूस टीव्हीवर खोटारडा दिसतो मॅडम. म्हणून मी कॅमेऱ्याच्या खाली, डाव्या अंगाला, त्यांचं एक माणूस बसवलं. अधूनमधून चेहरा बघितला की त्यांना धीर यायचा."

पडद्यावर एकेक भाषण संपत होतं. प्रत्येक वेळी आवडीचे डोळे खाली डावीकडे जायचे, थांबायचे, मग ती श्वास सोडायची.

"हे टीव्हीवर कधी दिसलं नाही."

"ते मी कापतो. आजचं तसंच लावलं, घाईत."

"आजच्या भाषणाचा आवाज वाढव."

आवडीच्या आवाजामागे सतत अवजड गाड्यांची घरघर होती. एक गेली की लगेच दुसरी. कशेळ्याच्या रस्त्याला एवढे ट्रक नसतात.

"तिथे खाली कोण बसायचं, किरण?"

किरणने नाव सांगितलं. दीक्षा लगेच उठली.

चौकीवर परतून तिने नवनाथला जीपमध्ये बसवलं.

"कुठं जायचं?"

"तुझ्या राखणीच्या जागी."

जीप जुन्या हायवेला लागली. फार्महाऊसच्या दाराला कुलूप नव्हतं. आत, पांढऱ्या भिंतीपाशी आवडी खुर्चीत बसली होती. दीक्षाला बघून ती ताडकन उठली.

"आई सुटली का?"

"आईला काय झालंय? ती कशेळ्याला चौकीवर बसलीय. तुझी वाट बघत."

आवडीला कळेना. "विकासशेठच्या माणसांनी तिला उचललीय ना? मी बाजूला झाले तर सोडतील, आणि मतदान होईतो इथनं हलायचं नाय, असं..." ती भावाकडे वळली. "तूच सांगितलंस ना रं?"



"हिला दम द्यायला कुणी आलंच नव्हतं," दीक्षा नवनाथला म्हणाली. "दम देणारा माणूस समोर उभा होता म्हणालास, पण हिची नजर खाली जात होती, बसलेल्या माणसाकडे. प्रत्येक भाषणानंतर ही तिथेच बघायची. बरोबर बोलले का, असं विचारायची, आणि तू मान हलवायचास. आजही फोन टेकवून तू तसाच खाली बसलास, आणि हिने तसंच बघितलं. भीती घालणाऱ्याला कुणी असं विचारत नाही. शिवाय मागे हायवे ऐकू येतो, आणि हायवेला तुझी राखण आहे. फोन तुझ्याकडेच असेल."

नवनाथने खिशातून आवडीचा फोन काढून दिला.

"विकासशेठनं कंपनीत कायम नोकरीला लावतो म्हणून सांगितलं," तो म्हणाला. मग बहिणीकडे न बघता बोलत राहिला. "पण त्याच्यासाठीच नाय केलं. भाषण मी सांगायचो, ताई. बोलायचं कसं, थांबायचं कुठं, सगळं मी. लोक तुझ्या पाया पडायला लागले. मी कॅमेऱ्याखाली बसलेलो कुणाला दिसलो?"

"मला दिसायचास," आवडी म्हणाली. "मला दुसरं कुणी दिसतच नव्हतं."

दीक्षाने विकासशेठला ठाण्यात आणायला सांगितलं, नवनाथला दुसऱ्या गाडीने आलेल्या हवालदाराच्या ताब्यात देऊन कर्जतला पाठवलं. गाडीत चढताना तो म्हणाला, "ताई, एकदा बघ तरी माझ्याकडं." आवडी पाठमोरी उभी राहिली. दीक्षाला तिचा चेहरा दिसत होता. दीक्षाने नजर दुसरीकडे वळवली.

परतीच्या वाटेवर आवडीने किरणला फोन लावला आणि आपण उभ्या आहोत, मागे हटलो नाही, हे सांगायला उद्या येते म्हणाली. आवाज नीट होता. फोन ठेवल्यावर मात्र तिने पदर तोंडावर धरला. दीक्षाने पाण्याची बाटली तेवढी तिच्या बाजूला सरकवली.

कशेळ्याला जीप थांबली तेव्हा बायजा अजून पायरीवरच होती. ती धडपडत उठली, लेकीच्या गालांवरून हात फिरवले. मग तिच्या खांद्यावरून वाकून रिकाम्या जीपमध्ये बघू लागली.

"आनि नवनाथ गं?"

आवडी आईचा हात धरून पायरीवर बसली.

"बस आई," ती म्हणाली. "सांगते."